विश्लेषण : खडकाची माती कोण करते? उत्तन-डोंगरीच्या टेकड्यांवर झाडांसोबत आणखी काय जाते?

मेट्रो-९ च्या कारडेपोसाठी भाईंदर पश्चिमेकडील डोंगरी येथील दहा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला आणि मिरा-भाईंदरमध्ये हरकतींचा पाऊस पडला. राई, मुर्धा आणि मोर्वा येथील ग्रामस्थांच्या विरोधानंतर डेपोची जागा डोंगरीला हलवण्यात आली होती. त्यानंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने झाडांच्या संख्येची आणि बदल्यात किती रोपे कुठे लावणार याची. पण टेकडीवर झाडांच्या खाली आणखी एक गोष्ट असते, जिची नोंद झाडांच्या गणतीत होत नाही. ती म्हणजे माती. ही माती खडकावर कुणी आणून पसरलेली नसते. जिवाणू, शेवाळ, दगडफूल, बुरशी, मुळे, मुंग्या आणि वाळवी यांनी हजारो वर्षांत ती खडकापासून तयार केलेली असते. हे काम कसे चालते, त्याला किती वेळ लागतो आणि ते एकदा मोडले की काय होते, याचा हा आढावा.

मिरा-भाईंदरच्या पायाखाली कोणता खडक आहे?

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्हाचे थरावर थर साचले आणि त्यातून हा खडक तयार झाला. मुंबई परिसरातील ज्वालामुखी हालचाल या मुख्य उद्रेकांनंतरही काही काळ सुरू राहिली. त्यामुळे गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी या किनारपट्टीत नेहमीच्या काळ्या दगडापेक्षा वेगळा, फिकट रंगाचा आणि सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला ट्रॅकाइट जातीचा खडक सापडतो. भूशास्त्राच्या अभ्यासकांना हा पट्टा चांगला परिचित आहे.

हा फरक मातीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते, शिवाय त्यातील खनिजे पाणी आणि आम्लापुढे तुलनेने लवकर नमतात. ट्रॅकाइटमध्ये पोटॅशियम आणि सोडियमयुक्त फेल्डस्पार जास्त असते व तो सावकाश झिजतो. म्हणजे डोंगरीच्या टेकडीवर जी माती दिसते, ती तुलनेने चिवट दगडातून निघालेली आहे. त्यात उतार आणि चार महिन्यांत कोसळणारा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. अशा जागी माती तयार होण्यापेक्षा ती टिकून राहणे अधिक कठीण असते.

ऊन आणि पाऊस पुरेसे नाहीत का? सजीवांची गरज काय?

ऊन, पाऊस आणि वारा खडक फोडतात, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. दिवसा तापून आणि रात्री निवून दगडाला भेगा पडतात, पाणी त्यात शिरते, कडा सुटतात. पण एवढ्यावर जे मिळते त्याला खडी, मुरूम किंवा वाळू म्हणता येईल. माती म्हणता येणार नाही. मातीत खनिजांच्या कणांबरोबर कुजलेला पालापाचोळा, हवा, ओलावा आणि जिवंत सूक्ष्मजीव असावे लागतात.

शिवाय सजीव आले की दगड झिजण्याचा वेगही वाढतो. त्यांचे काम तीन प्रकारचे असते. भेगांत शिरून त्या रुंद करणे हा पहिला प्रकार. आम्ल सोडून खनिजे विरघळवणे हा दुसरा. दगडाच्या पृष्ठभागावर ओलावा धरून ठेवणे हा तिसरा आणि सहसा लक्षात न येणारा प्रकार. उघडा कातळ पाऊस थांबला की तासाभरात वाळतो. त्यावर शेवाळाचा पातळ थर असेल, तर तोच कातळ कितीतरी जास्त वेळ ओला राहतो आणि तितका वेळ रासायनिक झीज सुरू राहते.

रशियन शास्त्रज्ञ वासिली डोकुचाएव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माती हा केवळ दगडाचा भुगा नसून स्वतंत्र नैसर्गिक घटक आहे, असे मांडले. पुढे १९४१ मध्ये हान्स जेनी यांनी मातीनिर्मितीचे पाच घटक सूत्रबद्ध केले : हवामान, सजीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ. आजही जगभर माती याच पाच घटकांच्या आधारे समजून घेतली जाते.

सुरुवात कोण करते?

कातळावर पहिले पाऊल टाकतात ते सूक्ष्मजीव. पावसाळ्यात इमारतींच्या भिंतींवर आणि गच्चीच्या कठड्यांवर जे काळे-हिरवे ओघळ दिसतात, त्यांत नीलहरित जिवाणू आणि शैवाल असतात. त्यांना माती लागत नाही. प्रकाश, ओलावा आणि दगडातील थोडी खनिजे एवढ्यावर त्यांचे भागते. काही नीलहरित जिवाणू हवेतील नायट्रोजन पकडून तो सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणतात. आपल्या या खडकांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच, त्यामुळे पुढच्या सगळ्या वनस्पतींची ही पहिली शिदोरी असते.

त्यानंतर येते दगडफूल. गोड्या मसाल्यात घातले जाणारे, काळपट-करडे, कागदासारखे हलके दगडफूल स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिलेले असते. बाजारात येणारे बरेचसे दगडफूल झाडांच्या सालीवरून गोळा केलेले असते, पण त्याच्या अनेक जाती नावाप्रमाणे थेट दगडावर वाढतात. दगडफूल ही एकच वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल किंवा नीलहरित जिवाणू यांचे ते एकत्र कुटुंब आहे. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, बुरशी निवारा आणि ओलावा देते.

या कुटुंबातील बुरशीचे धागे दगडाच्या कणांमधील फटींत काही मिलिमीटरपर्यंत शिरतात. पावसात दगडफूल फुगते, उन्हात आक्रसते आणि प्रत्येक वेळी धाग्यांना चिकटलेले कण थोडे थोडे सैल होतात. त्याच वेळी ते ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये सोडते. हे आम्ल दगडातील कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम ओढून घेते आणि मूळ खनिजाची घट्ट वीण उसवते. दगडाला चिकटून वाढणाऱ्या अनेक जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी पसरतात. काम संथ असते, पण ते थांबत नाही.

दगडफूल आणखी एक गोष्ट सांगते. त्याला मुळे नसतात, ते लागणारे बरेच काही थेट हवा आणि पावसातून घेते. त्यामुळे हवा दूषित झाली की त्याच्या नाजूक जाती आधी नाहीशा होतात. रहदारीच्या रस्त्यालगत ते क्वचित दिसते आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या भागात झाडांवर, दगडांवर सहज सापडते, यामागे हे एक मोठे कारण आहे.

झाडाची मुळे खरोखर खडक फोडतात का?

गृहसंकुलाच्या भिंतीत, पाण्याच्या पाइपामागे किंवा गच्चीच्या फटीत उगवलेला पिंपळ पाहिला नाही असा मिरा-भाईंदरकर सापडणे कठीण. पिंपळ, वड, उंबर यांची फळे बुलबुल, मैना, कोकीळ खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीवर पडते. चिमूटभर धूळ आणि ओल मिळाली की रोप धरते. काही वर्षांत भिंतीला चीर पडते. त्यावरून मूळ दगड फोडते, असा समज रूढ झाला आहे.

हा समज अर्धाच खरा आहे. वाढणारे मूळ वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पाच ते दहा पट दाब देऊ शकते, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेपेक्षाही बराच जास्त. पण अखंड बेसाल्ट फोडायला याच्या कितीतरी पट दाब लागतो. त्यामुळे मूळ धड दगड फोडत नाही. ते आधीपासून असलेली भेग शोधते, त्यात केसासारखे बारीक शिरते आणि जाड होत होत ती भेग रुंदावते. लाव्हा थंड होताना बेसाल्टमध्ये पडलेल्या उभ्या-आडव्या सांध्यांमुळे अशा भेगांची आपल्याकडे कमतरता नाही. रुंद झालेल्या भेगेत पाणी, धूळ आणि पाने साचतात. वाऱ्याने झाड हलते तेव्हा मुळेही किंचित हलतात आणि सैल झालेला दगड आणखी सैल होतो.

पण मुळांचे मोठे काम दाबाचे नसून रसायनाचे आहे. मुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव श्वसन करतात, म्हणून मातीच्या पोकळ्यांतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा दहा ते शंभर पट असू शकते. हा वायू पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल तयार होते. सोड्याच्या बाटलीत असते तेच हे सौम्य आम्ल. जंगलाखालचा खडक पावसाळाभर अशा आंबूस पाण्यात भिजत राहतो आणि त्यातील फेल्डस्पारचे हळूहळू चिकणमातीत रूपांतर होते.

बुरशीचा वाटा किती?

उघड्या डोळ्यांना दिसत नसला तरी मोठा. बहुतेक झाडांच्या मुळांवर बुरशीचे सूक्ष्म धागे वस्तीला असतात. झाड त्यांना साखर देते आणि धागे दूरवरून पाणी, फॉस्फरस व पोटॅशियम आणून देतात. मूळ जिथे पोहोचू शकत नाही, तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असलेले हे धागे पोहोचतात.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात युरोपातील सूचिपर्णी जंगलांतील मातीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फेल्डस्पारच्या कणांत अतिसूक्ष्म नळ्यांसारखी भोके आढळली होती आणि ती बुरशीच्या धाग्यांनी आम्लाच्या साहाय्याने पाडली असावीत, असा निष्कर्ष संशोधकांनी मांडला. ‘खडक खाणारी बुरशी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून चर्चेत आला. एकूण झिजेत अशा नळ्यांचा वाटा किती यावर पुढे मतभेद झाले. मात्र बुरशी खनिजांतून पोषणद्रव्ये काढून झाडाला पुरवते, ही बाब आता सर्वमान्य आहे.

दगडाच्या भुग्याची माती कधी होते?

खनिजांच्या भुग्यात सेंद्रिय पदार्थ मिसळतो तेव्हा. पाने, फांद्या, मेलेली मुळे आणि कीटक कुजून जो काळसर पदार्थ उरतो, तो खनिजकणांना एकमेकांशी बांधतो. त्यामुळे माती भुसभुशीत होते, पाणी मुरते आणि धरूनही ठेवले जाते.

ही मिसळण करणारे मजूर ठरलेले आहेत. वाळवी खोलवरची बारीक माती तोंडात धरून वर आणते आणि वारूळ उभारते. मुंग्या बिळे खणतात. गांडुळे पालापाचोळ्याबरोबर मातीचे कण गिळतात, ते पोटात दळले जातात आणि विष्ठेच्या गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतात. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये आपल्या अखेरच्या पुस्तकात गांडुळांचाच अभ्यास मांडला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा हिशेब होता.

एकच खडक वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी माती का देतो, याचे उत्तरही यातच आहे. पठारावर पाऊस कमी, म्हणून बेसाल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम बरेचसे जागेवर राहते आणि काळी, चिकट रेगूर तयार होते. कोकणातील मुसळधार पावसात ते वाहून जाते, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरते आणि तांबडी माती व जांभा तयार होतो.

याला किती वेळ लागतो?

याचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्याची संधी शास्त्रज्ञांना आइसलँडजवळ मिळाली. नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातील उद्रेकातून सुर्त्से हे बेट वर आले. तिथला खडकही बेसाल्टच. १९६५ मध्ये किनाऱ्यावर पहिली सपुष्प वनस्पती आढळली, १९६७ मध्ये मॉस आणि १९७० मध्ये दगडफूल. पुढे समुद्रपक्ष्यांनी वसाहत केली आणि त्यांच्या विष्ठेमुळे हिरवळ झपाट्याने वाढली. साठ वर्षांनंतरही बेटाचा बराच भाग उघडा लाव्हाच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या माहितीनुसार दोन ते तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला एक हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. हा हिशेब स्थानिक उदाहरणाने पाहू. उत्तनजवळच्या चौक येथील धारावी किल्ल्याने चिमाजी अप्पांची वसई मोहीम पाहिली. ती १७३७ ते १७३९ या काळातली, म्हणजे अजून तीनशे वर्षेही झालेली नाहीत. वरच्या दराने तेव्हापासून आजपर्यंत एक सेंटिमीटरसुद्धा माती तयार होत नाही. उष्ण आणि पावसाळी प्रदेशात खडक लवकर झिजतो हे खरे, पण उतारावरची धूपही तितकीच जास्त असते. टेकडीवर वीतभर माती असेल, तर तिच्या मागे काही हजार वर्षे उभी आहेत.

खाडीकाठची माती वेगळी कशी?

मिरा-भाईंदरचा मोठा सखल भाग खाडीच्या गाळावर उभा आहे. हा गाळही मुळात खडकच. सह्याद्रीत झिजलेले कण उल्हास नदीने वसई खाडीत आणले आणि तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या मुळांनी ते अडवले. चिखलातील खेकडे सतत बिळे करून खालचा गाळ वर आणतात आणि हवा आत पोहोचवतात. डोंगरावर जे काम गांडूळ आणि वाळवी करतात, ते इथे खेकडे करतात.

उत्तनच्या खडकाळ किनाऱ्यावर आणखी एक गट राबतो. दगडाला चिकटून राहणारे शंखवर्गीय जीव शेवाळ खाताना दगडही खरवडतात. कायटन नावाच्या जिवाच्या दातांवर तर मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे आवरण असते.

मग किल्ल्यांच्या भिंतींवरची झाडे ठेवायची का?

नाही. टेकडीवर जे काम उपकारक आहे, तेच वास्तूसाठी घातक ठरते. घोडबंदर आणि धारावीसारख्या किल्ल्यांच्या बांधकामात दगड चुन्याने सांधलेले आहेत आणि चुना आम्लापुढे दगडापेक्षा खूप लवकर हरतो. वड-पिंपळाचे मूळ याच सांध्यात शिरते. रोप लहान असताना ते मुळासकट काढणे सोपे असते. मोठे झाड ओढून काढले तर भिंतच सोबत येते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने आणि जाणकारांच्या देखरेखीखाली काढावे लागते. शेवाळ घालवण्यासाठी तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरणे मात्र टाळावे, कारण त्याने दगडाचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि नव्या शेवाळाला अधिक जागा मिळते.

हवामानबदलाशी याचा काय संबंध?

कार्बनिक आम्ल बेसाल्टशी अभिक्रिया करते तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात बांधला जातो आणि नद्यांमार्गे समुद्रात जाऊन तिथे दीर्घकाळ राहतो. पृथ्वीचे तापमान लाखो वर्षांच्या कालावधीत आटोक्यात ठेवणारी ही यंत्रणा आहे. तिचा वेग वाढवण्यासाठी बेसाल्टची भुकटी शेतात पसरण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत. भारतातील भातशेतकऱ्यांसोबत असे काम करणाऱ्या ‘माटी कार्बन’ला एप्रिल २०२५ मध्ये कार्बन निर्मूलनासाठीच्या एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या टेकड्यांवर मुळे आणि बुरशी हेच काम फुकट करत आहेत.

झाडे दुसरीकडे लावली तर नुकसान भरून निघत नाही का?

झाडाचे काही अंशी निघते, मातीचे निघत नाही. टेकडी सपाट करताना वरचा थर खरवडला, की त्यातील बुरशीचे जाळे, बियांचा साठा, वारुळे आणि मातीची रचना एका दिवसात मोडते. उघड्या पडलेल्या उतारावरची उरलेली माती पहिल्या दोन-तीन पावसांत खालच्या नाल्यांत आणि खाडीत जाते. पाणी मुरायला थर न उरल्याने तेच पाणी वेगाने सखल वस्तीकडे येते. नवी रोपे मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा टाकून केलेल्या भरावावर लावली, तर ती वर्षानुवर्षे खुरटलेली राहतात, कारण त्यांच्या मुळांना साथ देणारे सजीव तिथे नसतात.

यावर काही उपाय मात्र हाताशी आहेत. मोठ्या बांधकाम प्रकल्पांना दिल्या जाणाऱ्या पर्यावरण मंजुरीत खोदाईतील वरची माती वेगळी साठवून हरित क्षेत्रासाठी वापरण्याची अट साधारणपणे असते. ती प्रत्यक्षात पाळली जाते का, हे विचारण्याचा हक्क नागरिकांना आहे. कारडेपो असो वा अन्य प्रकल्प, हरकत नोंदवताना झाडांच्या संख्येबरोबरच जमिनीवरील मातीचा थर किती जाड आहे, तो कुठे नेणार आणि कसा जपणार, हेही लेखी विचारता येते. गृहसंकुलांत झाडाच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक न बसवता जमीन मोकळी ठेवणे आणि सुका पाला न जाळता झाडाखालीच कुजू देणे, एवढे केले तरी गांडुळे परत येतात.

तोडलेल्या झाडामागे किती रोपे लावायची, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. डोंगरीच्या कातळावर वीतभर माती पुन्हा जमेपर्यंत आपल्या पुढच्या शेकडो पिढ्या होऊन गेलेल्या असतील. म्हणून प्रस्तावांवर निर्णय घेताना झाडांच्या यादीखाली मातीचा एक रकाना असायला हवा.